चेन्नईचा रेस ट्रॅक: बघायला जाणाऱ्यांनी काय काय लक्षात ठेवायचं

ट्रॅक चेन्नईत नाहीये, हे पहिलं. शहरापासून साधारण 40 किमीवर, श्रीपेरुम्बुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टई म्हणून गाव आहे, तिथे. गंमत म्हणजे आपला पुणे-कोल्हापूर-बेळगावचा जो हायवे आहे ना, एनएच 48, तोच हुबळी, बेंगळुरू, होसूर, वेल्लोर करत थेट तिथवर जातो. त्यामुळे गाडीने जाणाऱ्यांना रस्ता शोधायची भानगड नाही, फक्त वेल्लोरच्या पुढे कामं आणि डायव्हर्जन लागतात आणि तिथे रात्री ट्रकच्या मागे अडकलात की संपलं, म्हणून तो पट्टा उजेडात काढा. वाटेत आंबूर लागतं, बिर्याणी खाणाऱ्यांना जास्त सांगायला नको. ट्रेनने येणाऱ्यांनी चेन्नईत उतरून पूनमल्लीवरून श्रीपेरुम्बुदूरची बस पकडावी. ऑटोवाला मागेल तो आकडा ऐकून घ्यायचा फक्त, अॅपवरची टॅक्सी बरी. राहायला श्रीपेरुम्बुदूरच घ्या, चेन्नईतून रोज सकाळी यायचं म्हणजे अर्धा जीव ट्रॅफिकमध्ये जातो.

आता ट्रॅकबद्दल. 3.7 किमीचा, 12 कॉर्नरचा, 1990 पासून चालू. हल्ली मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात, पण जुने लोक एमएमआरटीच (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात. हा कुठल्या बिल्डरने किंवा कंपनीने बांधलेला नाही, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा आहे. क्लब 1953 चा. आधी यांच्या रेस शोलावरमला व्हायच्या, दुसऱ्या महायुद्धातली विमानाची धावपट्टी होती ती. तिथे विजय मल्ल्यासुद्धा एन्साइन टीमची जुनी फॉर्म्युला वन गाडी घेऊन उतरायचे, जुनी मंडळी ते किस्से रंगवून सांगतात, जरा चहा पाजा. मग शेवटी क्लबने स्वतःची जागा घेतली आणि हा ट्रॅक झाला.

आणि रेसच्या दिवशी तो चालतो कोणावर, तर हौशी लोकांवर, मार्शल म्हणतात त्यांना. कोणी आयटीत आहे, कोणी कॉलेजात, कोणाचं दुकान आहे, आणि वीकेंडला ही माणसं ऑरेंज ओव्हरऑल घालून कॉर्नरला उभी. सकाळी सगळ्यांच्या आधी येतात, ब्रीफिंग होतं, मग आपापल्या पोस्टवर. दिवसभर उन्हात. 2011 ला दिल्लीजवळच्या बुद्ध ट्रॅकवर पहिली इंडियन ग्रांप्री, म्हणजे फॉर्म्युला वनची रेस झाली तेव्हाही अधिकाऱ्यांमध्ये चेन्नईचे लोक होते. मी तर म्हणेन रेस बघताना अधूनमधून गाड्या सोडून यांच्याकडे बघा. बाइक पडली की पिवळा झेंडा हलायला सुरुवात होते, त्या पट्ट्यात ओव्हरटेक बंद, दोन पिवळे म्हणजे थांबायच्या तयारीने चालवा. तेवढ्यात दोघं धावत जाऊन रायडरला बाजूला घेतात, एक बाइक ओढतो, आणि येणाऱ्या गाड्यांवरची नजर कोणी काढत नाही. पिवळ्यावर लाल पट्टे दिसले की समजा तेल सांडलंय किंवा रस्ता घसरडा आहे. 2023 मध्ये याच ट्रॅकवर जानेवारीत एक ज्येष्ठ कार ड्रायव्हर आणि ऑगस्टमध्ये 13 वर्षांचा एक बाइक रेसर गेला, तेव्हा हे काम हौसेचं असलं तरी खेळ नाही. जाळीवर चढून व्हिडिओ काढणाऱ्यांना मार्शल ओरडतात ते बरोबरच करतात.

बसायचं कुठे? मेन स्ट्रेटसमोर सगळे बसतात, स्टार्ट आणि फिनिश दिसतो, पण मधल्या लॅप्समध्ये नुसतं झूम झूम. सी1 दिसेल अशी जागा मिळाली तर तीच घ्या (इथे कॉर्नरला नावं नाहीत, सी1, सी2 असंच बोलतात). स्ट्रेट संपून भरधाव उजवीकडे वळायचं असतं, पहिल्या लॅपला सगळा घोळका एकदम तिथे घुसतो. बाइक्सच्या रेस जास्त मजेशीर वाटल्या, बऱ्याचशा 150-200 सीसीच्याच असतात पण पाच-सहा जण चिकटून. कारमध्ये एलजीबी फॉर्म्युला 4 बघाच, स्विफ्टचं 1300 चं इंजिन आणि उघडी चाकं, सगळ्यांची गाडी सारखी म्हणून फरक ड्रायव्हरचाच पडतो.

पॅडॉकमध्ये (टीम गाड्या तयार करतात ती जागा) सोडतात का ते गेटवर विचारा, इव्हेंटप्रमाणे बदलतं. आत गेलात तर मेकॅनिक टायर बदलत असताना मध्ये उभे राहू नका, आणि सेल्फी रेस झाल्यावर. मराठी बोलणारी पोरं हमखास भेटतात. बाकीच्यांशी मोडकं इंग्लिश चालतं, 'अण्णा' म्हटलं की अजून चालतं.

टोपी, भरपूर पाणी, सनस्क्रीन, कानात घालायला बोळे, लहान मुलं असतील तर हे शेवटचं सक्तीचं. घाम इतका येतो की कॉटनशिवाय काही घालू नका. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे आपल्यासारखा कोरडा नसतो, त्यांचा खरा पाऊस तेव्हाच, रेनकोट ठेवा. खायला आत जे मिळेल त्यावर विसंबू नका, सकाळी हायवेवर इडली-पोंगल दाबून खाऊनच शिरा.

तारखा एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) कॅलेंडरवर बघा पण बुकिंग आदल्या आठवड्यात परत तपासूनच करा, राउंड पुढेमागे होतात. शनिवारी क्वालिफाइंग (कोण पुढून सुटणार ते ठरवणाऱ्या लॅप्स) आणि काही रेस, रविवारी उरलेल्या. एकच दिवस असेल तर रविवार. मार्शलिंग करायचं असेल तर आयत्या वेळी गेटवर जाऊन होत नाही, क्लबला आधी लिहा, ते ट्रेनिंग देतात, आणि पहिल्या वेळेला झेंडा हातात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, बहुतेक झाडू आणि सांडलेलं तेल शोषणाऱ्या पावडरची बादली मिळेल.