दोन फुल, एक हाफ केळघर

आबा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी सातारा-मेढा-महाबळेश्वर रस्त्यावर गेली. केळघरच्या घाटात गाडी वळणं घेत असताना एका हातात पेटी, दुसऱ्या हातात पंच आणि पाठ सीटच्या दांडीला जेमतेम टेकलेली, अशा अवस्थेत ते तिकिटं फाडायचे. असा माणूस घरात पलंगावरून मोरीपर्यंत जाताना पडतो, आणि तेही परत परत, हे त्यांना माझ्याकडे, फिजिओथेरपिस्टकडे, घेऊन आलेल्या सुनेला पटतच नव्हतं. आबांना तर मुळीच मान्य नव्हतं. "पडलो न्हाई मॅडम, पाय सरकला," एवढंच त्यांचं म्हणणं.

मधुमेह जुना होता, त्यात तळव्यांची जाणीव जाऊ शकते. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून आम्ही विचारतो, "लागतंय का?" दोन्ही अंगठ्यांखाली आबांना काही कळलं नाही. डोळे मिटायला सांगितलं की डोलायला लागायचे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, याला त्यांना 19 सेकंद लागले. बाराच्या पुढे काटा गेला की आम्ही सावध होतो. रात्रीच्या गोळ्यांत एक झोपेची गोळीही सापडली. ती कमी करता येईल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारायला चिठ्ठी दिली. मोरीसमोरचं पायपुसणं त्याच दिवशी उचलायला लावलं.

व्यायाम सांगितले ते आबांनी शाळेतल्या कवायतीसारखे उरकले. टाचा उचला म्हटलं की उचलायच्या, मोजायचं आणि घड्याळाकडे बघायचं. मग मी कोपऱ्यातला बोर्ड काढला.

निन्टेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीचा वी बॅलन्स बोर्ड, म्हणजे टीव्हीला लावायच्या 'वी' या खेळयंत्राची, वर उभं राहायची पाटी. जपानमध्ये 2007 साली घरी बसून कंटाळलेल्या लोकांसाठी निघालेली ही वस्तू. आता तो तयारही होत नाही, माझा सेकंडहँड आहे आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी लागतात म्हणून जुना टीव्ही जपून ठेवावा लागतो. बोर्डाच्या चार कोपऱ्यांत चार सेन्सर असतात. भार कुठल्या पायावर जास्त, टाचेवर की चवड्यावर, हे पडद्यावर लाल ठिपक्याने दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2010 मध्ये तो प्रयोगशाळेतल्या पायाखालचा भार मोजणाऱ्या महागड्या फोर्स प्लॅटफॉर्मशी ताडून पाहिला. उभ्या माणसाचं डोलणं मोजण्यात तो बराच विश्वासार्ह ठरला. त्यातला 'तुमच्या शरीराचं वय' सांगणारा भाग मात्र मी कधीच लावत नाही. आधीच घाबरलेल्या माणसाला यंत्राकडून वय ऐकवायची काय गरज?

त्या दिवशी सोबत सुनेऐवजी सातवीतला नातू आला होता. समोर वॉकर ठेवला, आबांच्या कमरेला पट्टा बांधला, मी मागे उभी राहिले आणि त्यांना बोर्डावर घेतलं. ठिपका गेला थेट मागे, टाचांच्या बाजूला.

"आबा, तुम्ही मागे रेललाय."

"मी सरळच हुबा हाय. मशीन बिघडलंय तुमचं."

मी नातवाला चढवलं. ठिपका बरोबर मधोमध. आबांनी चष्मा पुसला, परत चढले. ठिपका परत मागे. आता मात्र ते गप्प झाले. मग माझ्या सांगण्यावरून घोट्यातून अगदी थोडं पुढे झुकत त्यांनी तो मध्यावर आणला आणि दोन्ही हातांनी वॉकर धरत ओरडले, "आवो, आता तोंडावर आपटतोय की मी!"

मी दिवसभर हेच काम करते, पण ही गोष्ट इतकी उघडी क्वचितच दिसते. पडायची भीती बसली की माणूस ताठरतो आणि बऱ्याचदा नकळत मागे जातो. तळव्यातून खबर येत नाही, त्यामुळे ते त्याला कळतही नाही. हळूहळू तोच त्याचा 'सरळ' होऊन बसतो. घोट्याच्या पुढे पाऊल लांब असतं, मागे नुसती टाच. तोल मागे गेला की सावरायला जागाच कमी. "सरळ उभे राहा" असं आबांना मी आधी कितीतरी वेळा सांगितलं होतं आणि त्यांच्या मते ते सरळच होते. माझ्याशी वाद घालता येतो. ठिपक्याशी घालायचा तर नातू मध्ये येतो.

मग खेळ लावला. पडद्यावर एक फळी असते. आपण कलू तशी ती कलते आणि तिच्यावरची गोळी भोकात पाडायची. आबांनी श्वास रोखला, गुडघे ताठ केले, वॉकरवरची बोटं पांढरी पडली. गोळी प्रत्येक वेळी कडेवरून खाली. नातू कंटाळला आणि मागून ओरडला, "ओ कंडक्टर, दोन फुल, एक हाफ केळघर!"

खरं तर मी त्याला गप्प करणार होते. बोलायला लागलं की चालता चालता थांबणारी म्हातारी माणसं जास्त पडतात, हे स्वीडनमध्ये 1997 सालीच दिसलं होतं. म्हणून अशा माणसांशी चालताना आम्ही बोलणं टाळतो. पण आबांनी मान न वळवता उत्तर दिलं, "सुट्टे हायेत का?" आणि पाय सहज फाकले, गुडघे सैल सुटले, एक हात वॉकरवरून उठून पेटी धरल्यागत पोटाशी आला. गोळी भोकात गेली. पोराला चेव आला. "शंभरची नोट हाय!" "मग उतरताना घे!" दुसरीही गेली.

जादू काही झाली नव्हती. 1998 मध्ये गाब्रिएल वूल्फ आणि सहकाऱ्यांनी स्कीसारखं सरकणाऱ्या यंत्रावर दाखवलं होतं की, स्वतःच्या पायांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पायाखालच्या यंत्राच्या चाकांकडे लक्ष देणारे चांगलं शिकतात. आबा घरी पाऊलन् पाऊल विचार करून टाकत होते आणि त्यातच अडखळत होते. नोकरीत त्यांनी पायांकडे कधी पाहिलंच नव्हतं, पाहायचे ते पॅसेंजरकडे. तरीही त्याच दिवशी उतरताना आपण बोर्डावर आहोत हे विसरून त्यांनी सरळ मागे पाय टाकला. जमीन दोन इंच खाली लागली आणि माझ्या हातातला पट्टा ताणला गेला. म्हणून हा बोर्ड घरी, एकट्यासाठी विकत घेऊ नका, असं मी नातेवाइकांना सांगते.

शिवाय बोर्डावर पाय जागचे हलत नाहीत. माणूस पडतो तेव्हा खरी गरज असते ती वेळेवर पाऊल टाकायची. 2024 मध्ये नेचर मेडिसिन या नियतकालिकात आलेल्या सिडनीच्या अभ्यासात 65 वर्षांवरच्या 769 लोकांना घेतलं होतं. त्यातले ज्यांना घरी चटईवर पावलं टाकायचा खेळ दिला होता, त्यांचं पडणं वर्षभरात कुठलाच खेळ न दिलेल्या गटापेक्षा 26 टक्क्यांनी कमी होतं. बसून खेळायचे मेंदूचे खेळ दिलेल्या गटात तसा ठोस फरक दिसला नाही. माझा भरवसा म्हणूनच पावलांवर आहे. बोर्डाचा उपयोग ठिपका दाखवण्यापुरता.

आबांच्या घरी ना चटई, ना वी. ओट्याजवळच्या फरशीवर नातवाने खडूने गावं लिहिली. समोर मेढा, उजवीकडे केळघर, डावीकडे सातारा, मागे महाबळेश्वर. तो गाव ओरडणार, आबांनी ओट्याला एक हात लावून त्या फरशीवर पाऊल टाकून परत यायचं. महाबळेश्वर सर्वांत शेवटी आणि घरात मोठं माणूस असेल तेव्हाच. डबल बेल वाजल्याशिवाय सुरू करायचं नाही, ही अट आबांची.

काही आठवड्यांनी तीच तीन मीटरची चाचणी 14 सेकंदांत झाली. तळव्यांना धागा अजूनही लागत नाही आणि खेळाने तो लागणारही नाही. म्हणून अंधारात उठायचं तर दिवा लावूनच, आणि पाय रोज बघायचे. ठिपका मध्याच्या किंचित मागे असतो, पण आता ते त्यांना स्वतःला कळतं. परवा काठी सोडू का म्हणून विचारायला ते एसटीने एकटेच आले. मी नाही म्हटलं. 14 म्हणजे बारा नव्हे. आबा म्हणाले, "दोन सेकंदांसाठी गाडी लेट धरता व्हय?" सध्या हा वाद चालू आहे. काठी घेतात, पण काखेत धरून.