मज्जारज्जूच्या ऑपरेशननंतर: टाके सुकल्यावर काय सांभाळायचं

माझ्या मज्जारज्जूतली गाठ काढली ती छातीच्या चौथ्या मणक्यापाशी. भेटायला येणारा प्रत्येक जण चालायचं कधी, एवढंच विचारतो. मी म्हणतो, आधी लघवी सांभाळा. मूत्राशय भरल्याचं कळत नाही, आत दाब वाढतो, लघवी उलटी किडनीकडे चढते आणि काही न दुखता किडनी बिघडत जाते.

दर चार ते सहा तासांनी मी कॅथेटर, म्हणजे लघवीची बारीक नळी, घालून लघवी काढतो. हात साबणाने धुवायचे, नळीला जेली लावायची. धार थांबली की ओटीपोट हलकं दाबून नळी सावकाश बाहेर घ्यायची, नाहीतर तळाशी थोडी राहते आणि तिथेच जंतू वाढतात. एका वेळी 500 मिलीच्या वर निघाली तर पुढची वेळ अलीकडे घ्यावी. ताप आला, लघवी गढूळ झाली किंवा पाय एकाएकी जास्त ताठरले तर लघवीचं कल्चर, म्हणजे कोणते जंतू आहेत याची तपासणी, करावं. वर्षातून एकदा किडनीची सोनोग्राफी.

इजा छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर असेल तर हे घरच्यांना पाठ हवं: डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर बीपी झपाट्याने चढत असतं. आपल्याकडे अशा माणसाला लगेच आडवं करतात. तसं करू नका! ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टा-कपडे सैल करा. बहुतेक वेळा मूत्राशय तुंबलेलं असतं किंवा नळी पिळलेली असते, नाहीतर शौच अडलेलं. तरी बीपी उतरेना तर थेट कॅज्युअल्टी.

दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून अंथरुणात दोन तासांनी कूस, व्हीलचेअरवर अर्ध्या तासाने पुढे वाकून दोन मिनिटं. बंबाच्या पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नये, कोपराने घ्यावा. पाय भाजला तरी कळत नाही.

ताठरपणावरची बॅक्लोफेन अचानक बंद केली तर झटके येऊ शकतात. 2019 आणि 2021 च्या पुरात कोल्हापूरच्या शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता, म्हणून जूनमध्येच महिन्याभराच्या गोळ्या आणि कॅथेटर घरात हवेत.

वर्षांनंतरही मज्जारज्जू चिकटून आत पाण्याची पोकळी होऊ शकते. बधिरपणा वर सरकू लागला, हाताला गरम-गार कळेना, खोकताना कळ वाढली, तर जुनंच दुखणं म्हणून सोडू नका. एमआरआय करा आणि ऑपरेशननंतरच्या एमआरआयची सीडी सोबत न्या. शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.