डाग पेटीत पडत नाही, पेटीच्या आधी पडतो

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीची पेटी कशी भरावी हे सांगणारे आता गल्लोगल्ली झालेत. फोम कोणता, खोका किती पदरी, आतली पिशवी केवढ्या छिद्रांची, यावर चहाच्या टपरीवर तास तास काथ्याकूट चालतो. तेवढ्यात मागे बागेत कुणीतरी घड खांद्यावरून धपकन बांधावर टाकतो, आणि तिकडे एकाचीही मान वळत नाही.

हिरवं केळं फार लबाड. मार लागला तरी त्या दिवशी तोंडावर काही दाखवत नाही. सालीतल्या पेशी फुटलेल्या असतात, आतली द्रव्यं एकमेकांत मिसळून हवेनं तपकिरी पडतात, पण हे सगळं नीट दिसतं ते रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीत, साल पिवळी व्हायला लागल्यावर. तोवर माल आपल्या हातातून गेलेला असतो. मग व्यापाऱ्याचा फोन येतो, 'भाऊ, माल डागी निघाला, पट्टी कमी लागेल.' पट्टी म्हणजे मालाचे हातात येणारे पैसे. डाग बागेत पडला की गाडीत, हे ना तो सिद्ध करू शकत, ना आपण. कापले जातात ते आपलेच पैसे.

म्हणून आमच्याकडे काळजी सुरू होते ती कापणीपासून. एकानं घड कापायचा आणि दुसऱ्यानं तो खांद्यावरच्या गादीवर झेलायचा. जमिनीला घड टेकलाच नाही पाहिजे. पूर्वी अख्खे घड केळीच्या पानांवर रचून ट्रक भरायचे, दिल्लीकडचा माल वॅगनमध्येही तसाच जायचा. तिथल्या बाजारात तो खपायचा, कारण सगळ्यांचाच माल तसा असायचा. आता आखातात जाणारी पेटी उघडली की साल आरशासारखी लागते.

फण्या सोडवण्याचं काम आमच्या मोठ्या वहिनी बघतात. घड आकड्याला टांगलेला असतो. धारदार वाकड्या सुरीनं फणी दांड्यापासून सोडवायची, दुसऱ्या हातानं खालून तोलायची आणि तुरटीच्या पाण्यात अलगद सोडायची. टाकायची नाही. कापलेल्या जागेतून चीक येतो. तो केळ्यावर ओघळून वाळला की काळा डाग पडतो, मग कितीही पुसा. तुरटीनं चीक साकळतो, म्हणून हे पाणी. त्यानंतर फणीची मुळाकडची कड गुळगुळीत छाटायची. ती ओबडधोबड राहिली तर गाडीच्या हादऱ्यानं शेजारच्या फणीवर करवतीसारखी फिरते. कामाला येणाऱ्या बायांना वहिनी आधी अंगठ्या काढायला लावतात आणि नखं बघतात. नव्या पोरी हसतात, पण नखाचा ओरखडा पिवळ्या सालीवर काळी रेघ होऊन उठतो.

पेटीचं गणित तसं सोपं. निर्यातीची पेटी साधारण 13 किलोची. फणीची कड खाली, केळ्यांची पाठ वर, दोन थरांत पातळ फोम. माझं मत विचाराल तर फोमपेक्षा महत्त्वाचं हे की आत काही हलता कामा नये. वहिनी बंद पेटी दोन्ही हातांनी हलवून बघतात. आत खुट्ट झालं की पेटी परत उघडायची. उलट जास्त कोंबलेली पेटीही वाईट. झाकण फुगतं आणि वरच्या थप्पीचं ओझं खोक्याच्या भिंतींवर न येता थेट केळ्यांवर येतं. खोक्याची खरी ताकद त्याच्या चार कोपऱ्यांत, तेव्हा थप्पी लावताना कोपऱ्यावर कोपरा बसलाच पाहिजे. पुठ्ठा ओलसर झाला तर तीही ताकद जाते, म्हणून धुतलेली फणी निथळल्याशिवाय भरायची नाही.

गारव्याचंही एक आहे. कंटेनर 13 ते 14 अंशांवर ठेवतात. त्याखाली गेलं की साल राखाडी पडते, आणि ग्राहकाला तो डाग माराचाच वाटतो. आमच्या मे महिन्याच्या उन्हातून आलेला माल तसाच गाडीत कोंडणं हा तर शुद्ध वेडेपणा. आधी गार करायचा.

शहाद्याकडच्या पपईवाल्यांचा त्रास वेगळाच. तिची साल इतकी पातळ की प्रत्येक फळ वर्तमानपत्रात गुंडाळावं लागतं. त्यापुढे आमची केळी बरी.

आता घरगुती पार्सल. पुण्यात भाचरं आहेत, ट्रॅव्हल्सनं केळी पाठवायचीच असतात. केळी पूर्ण हिरवी, कडक घ्या. एक जरी पिवळं त्यात राहिलं तरी त्याच्यातून सुटणाऱ्या इथिलीननं, म्हणजे फळ पिकवणाऱ्या वायूनं, बाकीची वाटेतच पिकायला लागतात, आणि मऊ झालेलं केळं अजिंठ्याच्या घाटात टिकत नाही. फण्यांमध्ये केळीचीच वाळलेली पानं कोंबा, फुकट आहेत आणि घामही धरत नाहीत. प्लास्टिकमध्ये आवळून बांधू नका. खोक्यावर 'ही बाजू वर' लिहून काही होत नाही, टपावर माल चढवणारा ते वाचत नसतो. त्यापेक्षा खोकं लहान ठेवा. सहा-सात किलोचं खोकं माणूस उचलून ठेवतो, वीस किलोचं ढकलतो किंवा आपटतो. केळी जास्त असतील तर दोन खोकी करा, भाडं थोडं जास्त गेलं तरी चालेल.