आधी वायरी, मग स्पीकर

घराचं काम काढलं तेव्हा पहिले पंधरा दिवस मी हॉलमधल्या होम थिएटरसाठी रात्री जागून नुसते स्पीकरचे नि रिसीव्हरचे (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा डबा) रिव्ह्यू बघत होतो, आणि इकडे भिंती फोडून झाल्या, वायरमनने लाइटचे पाईप टाकायला घेतले आणि मला विचारलं, "दादा, टीव्हीमागे किती पॉइंट देऊ? आणि स्पीकरच्या वायरी कुठनं आणायच्या?" माझ्याकडे उत्तरच नव्हतं. मी त्याला दोन दिवस थांबायला सांगितलं, आणि अख्ख्या कामात सगळ्यात कामाचे ते दोनच दिवस होते असं मला आज मनापासून वाटतं. कारण स्पीकर उद्या बदलता येतो, रिसीव्हर बदलता येतो, टीव्ही तर कधी ना कधी बदलणारच, पण एकदा प्लास्टर झालं की भिंतीतली वायर बदलायची म्हणजे परत फोडाफोड, परत धूळ, परत रंग.

मग दोन दिवस मी आणि बायको खडू, टेप आणि एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन रिकाम्या घरात फिरलो. खुर्ची सोफ्याच्या जागी ठेवायची, तिने बसायचं, मी जमिनीपासून तिच्या डोळ्यांपर्यंत मोजायचं. १०५ सेंटीमीटर आलं. ड्रॉइंगमध्ये, म्हणजे घराच्या आराखड्यात, टीव्हीचा मध्य १५० वर होता, म्हणजे अख्खा पिक्चर मान वर करून बघायचा! तो आम्ही तिथल्या तिथे खाली आणला. साइजचंही तसंच. ६५ इंची टीव्ही साधारण १४४ सेंटीमीटर रुंद असतो, आणि थिएटरसारखा अनुभव हवा तर स्क्रीनने नजरेचा ४० अंशांचा कोन व्यापावा असं म्हणतात, म्हणजे त्याच्यासमोर दोन मीटरवर बसायला हवं. आमचा सोफा २.६ मीटरवर येत होता, तिथून तो कोन जेमतेम ३१ अंश होतो, म्हणून ७५ इंचीची जागा आणि पॉइंट ठेवले, टीव्ही सध्या जुनाच चालू आहे.

स्पीकरच्या जागा आम्ही दोरीने काढल्या. बसायच्या जागेपासून पुढच्या दोन्ही स्पीकरपर्यंत आणि त्या दोघांमध्ये सारखंच अंतर आलं की समभुज त्रिकोण होतो आणि दोघंही मध्यापासून ३०-३० अंशांवर येतात. जागा कमी असेल तर २२ अंशांपर्यंत आत घेतलं तरी चालतं. सराउंडचे, म्हणजे बाजूने-मागून आवाज देणारे, दोन स्पीकर कानांच्या रेषेपेक्षा थोडे मागे, समोरच्या मध्यापासून ११० अंशांच्या आसपास. पण यासाठी सोफ्याच्या मागे जागा लागते आणि आमच्या ड्रॉइंगमध्ये सोफा थेट मागच्या भिंतीला चिकटवलेला. खरं सांगतो, बाकी काही नाही जमलं तरी चालेल पण सोफा भिंतीपासून सोडवा. आमची खोली ४.३ मीटर लांब आहे, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्या हिशोबाने साधारण ४० हर्ट्झला त्या लांबीत आवाज घुमतो आणि तो घुमारा सगळ्यात जास्त जाणवतो तो भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला. तिथे कितीही भारी सबवूफर (फक्त बेसचा, म्हणजे खर्जातल्या आवाजाचा स्पीकर) आणा, बेस फुगलेलाच ऐकू येणार.

सबवूफरची जागा मात्र आधी ठरवूच नका. फर्निचर आल्यावर तो सोफ्यावर ठेवायचा, एकच बेसलाइन लावायची आणि आपण भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत ऐकत जायचं, जिथे बेस स्वच्छ आणि सारखा येतो तिथे सबवूफर ठेवायचा. म्हणून आम्ही एकाऐवजी तीन ठिकाणी त्याचे पॉइंट दिले, दोन कोपऱ्यांत आणि एक सोफ्याच्या बाजूला. दोन रिकामे राहिले तरी काही बिघडत नाही.

आता पाईप, कारण आमचं खरं नुकसान इथे झालं. रिसीव्हरपासून टीव्हीपर्यंत आधी लाइटचाच २० मिमीचा पाईप टाकला होता, त्यात दोन काटकोनी एल्बो. चर बुजवून झाल्यावर टीव्हीपर्यंत चित्र आणि आवाज नेणारी एचडीएमआय केबल घालायला गेलो तर तिचं टोकच पाईपच्या तोंडात शिरेना. केबल बारीक असते हो, पण दोन्हीकडचे प्लग जाड असतात, आणि ते काही कापून परत जोडता येत नाहीत. ती भिंत परत उघडली, ५० मिमीचा पाईप टाकला, एल्बोऐवजी मोठ्या वळणाचे बेंड घेतले आणि आत एक नायलॉनची दोरी कायमची सोडून दिली. पाईप हवाच, कारण २०१३ मध्ये एचडीएमआय २.० आलं तेव्हा त्याची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट होती, २०१७ च्या २.१ मध्ये थेट ४८ झाली, म्हणजे भिंतीत पक्की गाडलेली केबल चार वर्षांत जुनी. अंतर लांब असेल तर साध्या तांब्याच्या केबलवर ४८ गिगाबिट भरवशाने जात नाहीत, ऑप्टिकल केबल लागते, आणि तिला दिशा असते! एक टोक रिसीव्हरकडे, दुसरं टीव्हीकडे. ओढायच्या आधी टोकावर काय छापलंय ते वाचा, आम्ही वाचलं म्हणून वाचलो.

बाकीच्या खोल्यांतल्या स्पीकरचं काम त्यामानाने सोपं. प्रत्येक खोलीतून वायर थेट एकाच कपाटात आणली, एका खोलीतून दुसरीत अशी माळ लावली नाही. लांब पल्ल्याला १४ गेज, जवळ १६ गेज (आकडा लहान तेवढी वायर जाड), आणि शुद्ध तांब्याचीच, कारण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर दिसते तशीच पण तिचा रोध जास्त. पॉवरच्या लाइनपासून ३० सेंटीमीटर लांब, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात. एकाच चॅनेलवर ८ ओमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की ४ ओम होतात, तुमच्या ॲम्पला (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरला) ते झेपतं का हे आधी बघा. प्रत्येक खोलीत कॅट-६, म्हणजे नेटवर्कची वायर, पण टाकली. वायफाय स्पीकर घेणार असाल तरी त्यालाही प्लग लागतोच, तो कुठे ते आताच ठरवा. आणि ज्या कपाटात ॲम्प राहणार त्याला खाली-वर हवेला वाट ठेवा, बंद कपाटात ते फार तापतात.

बाबांच्या खोलीत व्हॉल्यूमचं बटण दाराजवळ न देता पलंगाच्या उशाशी दिलं, पडल्या पडल्या हात पोचेल असं. त्यांना ॲप नको असतं, गोल फिरणारं बटण हवं असतं. रोज सकाळी सहाला ते रेडिओ लावतात आणि आता तो आमच्या खोलीत ऐकू येत नाही, कारण त्या छतातल्या स्पीकरमागे आम्ही आवाज अडवणारं रॉकवूल (दगडी लोकर) भरलं आणि दाराच्या खालची फट बंद केली.

प्लास्टरच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक उघड्या भिंतीला टेप लावून फोटो काढले, टेपवरचा आकडा दिसेल असे, आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नाव लिहिलं. एकशे चाळीसेक फोटो झाले. परवा हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये ॲटमॉसचे, म्हणजे वरून आवाज देणारे, दोन स्पीकर बसवायचे होते, तेव्हा फोटो उघडला, कोपऱ्यापासून ६२ सेंटीमीटर मोजलं, गोल कापलं आणि आत हात घातला. गुंडाळलेली वायर तिथेच होती, लेबलसकट, "पुढचा उजवा, वरचा".