आनंदीबाईंचा अर्ज

भावाचं घर न्यू जर्सीत, एडिसनला. सकाळी ट्रेंटनपर्यंत एक गाडी, तिथून सेप्टाची दुसरी, आणि दहाच्या सुमारास मी फिलाडेल्फियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टेशनावर उतरले. या शहरात आधी एकदा लिबर्टी बेल बघायला येऊन गेले होते. या खेपेला फक्त एका कागदासाठी आले: भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक, आनंदीबाई जोशी, यांनी इथल्या मेडिकल कॉलेजला केलेल्या प्रवेश-अर्जासाठी.

बायकांना डॉक्टर करण्यासाठी १८५० साली इथं एक कॉलेज निघालं. पुढे वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया हे त्याचं नाव झालं. विसाव्या शतकात मुलांनाही प्रवेश मिळू लागला तसा नावातला 'वुमन्स' गेला, नंतर ते दुसऱ्या कॉलेजात विलीन झालं, आणि आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा भाग आहे. एवढ्या घडामोडींत जुनं दप्तर मात्र त्यांनी जपलं. ते लेगसी सेंटर या अभिलेखागारात आहे.

मी आधीच ईमेल करून वेळ घेतली होती. बॅग आणि पाण्याची बाटली बाहेर, पेन बंद, फक्त पेन्सिल. एका वेळी एकच फोल्डर. तिथल्या बाईंनी ते माझ्यासमोर ठेवलं आणि कागद कडेनं, दोन्ही हातांनी कसा उलटायचा ते करून दाखवलं.

तारीख २८ जून १८८३. आनंदीबाई तेव्हा अठरा वर्षांच्या. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीनं निघाल्या होत्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेलला कार्पेंटरबाईंकडे, म्हणजे त्यांना अमेरिकेत आसरा देणाऱ्या बाईंकडे, उतरल्या होत्या. ज्यांना त्या मावशी म्हणायच्या, त्याच या. रोझेल भावाच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, हे मला त्या टेबलापाशी बसल्यावर लक्षात आलं.

पत्र इंग्रजीत, शाईनं लिहिलेलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करत नसू, हे त्या स्वतःच सांगून टाकतात. आपली गोष्ट वेगळी आहे, तेव्हा सांभाळून घ्या, अशी विनंती करतात. गयावया कुठेही नाही. मित्रांचा आणि जातीचा एकजुटीचा विरोध असताना इथवर आले, तो निर्धारच पुढे उपयोगी पडेल, असं म्हणतात. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरचे उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतील, आणि त्यांच्यासाठीच आपण आलो आहोत, हे कारणही स्पष्ट लिहिलेलं आहे. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं, त्याचा आधार या वाक्यामागे आहे हे आपल्याला ठाऊक असतं. पत्रात त्याचा उच्चार नाही.

आणि त्यातच एक साधं वाक्य आहे: माझी प्रकृती चांगली आहे. मी तिथंच थांबले. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. त्यानंतर वर्षही पुरं झालं नव्हतं तेव्हा, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात क्षयानं त्या गेल्या. बाविसावं पुरं व्हायचं होतं. मी पेन्सिल खाली ठेवली आणि थोडा वेळ नुसतीच बसून राहिले.

दुसऱ्या फोल्डरमध्ये १८८५ च्या ऑक्टोबरातला तो फोटो होता, आपण सगळ्यांनी पाहिलेला: डावीकडे साडीत आनंदीबाई, मध्ये जपानच्या केई ओकामी, उजवीकडे सिरियाच्या साबात इस्लांबुली. खालच्या ओळीत आनंदीबाईंच्या गावाचं, श्रीरामपूरचं, स्पेलिंग चुकलेलं आहे. त्यांचे पती गोपाळराव यांची नोकरी बंगालमधल्या श्रीरामपूरला होती, म्हणून ते गाव. जन्मगाव कल्याण नाही. माझं माहेर कल्याणचं, त्यामुळे ते मला जरा लागलंच.

हस्तलिखित प्रबंधही तिथं आहे, विषय आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. तो वाचायला एक दिवस पुरणार नव्हता.

मी ज्या कॉलेजात शिकले तिथली जुनी प्रवेश-रजिस्टरं ग्रंथालय हलवताना रद्दीवाल्याला दिली. पोती मी डोळ्यांनी पाहिली होती आणि तेव्हा काही बोलले नव्हते. त्यात कोणा मुलीचा अर्ज होता की नव्हता, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. इथं मात्र एका परक्या देशातल्या मुलीचा अर्ज कोणीतरी फायलीत लावला, आणि तो अजून आहे.

निघताना फोल्डर परत करायला माझे हात जड झाले.

परतीच्या गाडीतून वहिनीला फोन केला. आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या होत्या. न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीला, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. वहिनी शनिवारी गाडी काढते म्हणाली. सकाळी सातला निघायचं ठरलंय.