आबांच्या सहीचा कागद

श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार म्हणजे आमच्या खान्देशात कानबाई देवीचा सण. २०१९ साली रोट, म्हणजे कानबाईचा भाऊबंदांनी मिळून करायचा नैवेद्य, आमच्या घरी होते. पुणे, सुरत, नाशिक, जिकडे जिकडे भाऊबंद पांगलेत तिकडून सगळे धुळ्याला आले होते. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू, त्यात यंदा जन्मलेल्या दोन पोरांचीही मूठ मोजली होती. चौरंगावर नारळाची कानबाई, नाकात आजीची नथ.

आग्रा रोडवर मी जुन्या गाड्या घेतो-विकतो. २००४ पासून. त्या दिवशी अर्थातच दुकान बंद होतं. आरती चालू असताना मांडवाच्या कडेला शिंदखेडा तालुक्यातले एक आबा उभे दिसले. सत्तरीचे, पांढरी टोपी, हातात नारळ आणि खण. २०१६ साली नातीच्या लग्नासाठी त्यांनी आपली बोलेरो माझ्याकडे विकली होती. कानबाईच्या दर्शनाला कोणीही येतं, मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. त्यांनी नारळ ठेवला, खण वाहिला, डोकं टेकवलं. आरती संपून प्रसाद वाटून होईपर्यंत शांत बसून राहिले. मग मला बाजूला घेतलं आणि खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला.

"भाऊ, हाई काय शे? पोरगा म्हने कोर्टना कागद शे."

मोटार अपघात दावा प्राधिकरणाची नोटीस होती. त्या बोलेरोनं साक्री रस्त्यावर एका मोटारसायकलवाल्याला उडवलं होतं. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा तरुण मजूर, पाय मोडलेला. भरपाई आठ लाख मागितली होती, आणि गाडीचा मालक म्हणून नाव आबांचं.

"मी ते गाडी इकी टाकेल व्हती ना?" आबा विचारत होते. आवाज चढलेला नव्हता. माझ्यावर संशय घ्यावा हे त्यांच्या मनातही नव्हतं, आणि तेच मला सोसवेना.

मी किल्ल्या घेतल्या, आबांना सोबत घेऊन दुकान उघडलं. लोखंडी कपाटात २०१६ च्या फायली होत्या. चौथी-पाचवी उघडली तोच सापडली. फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे कागद. विकणाऱ्याच्या जागी आबांची सही, एकेक अक्षर दाबून काढलेली, शेवटचा काना चौकटीच्या बाहेर गेलेला. शाई जांभळी पडली होती. घेणाऱ्याची जागा कोरी. तारखेची जागा कोरी.

आमच्या धंद्यातली ही रीत बाहेरच्या माणसाला सांगायला हवी. गाडी विकणारा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून जायचा. घेणाऱ्याकडे पैशांची बाकी असली की आम्ही ते कागद अडकवून ठेवायचो. पूर्ण पैसे आले की आरटीओत जायचं. या बोलेरोचे चाळीस हजार बाकी होते. पिंपळनेरचा गिऱ्हाईक हप्त्याहप्त्यानं देत राहिला, शेवटचे पाच हजार राहून गेले. त्या पाच हजारांसाठी मी फाइल कपाटात ठेवली आणि विसरलो. तीन वर्षं. मधल्या काळात त्यानं विम्याचं नूतनीकरणही केलं नव्हतं.

कायदा मला माहीत नव्हता असं म्हणता येणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०: एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. माझ्या दुकानातल्या पोरालाही हे पाठ होतं. आबांनी सही करून विश्वासानं कागद माझ्या हातात दिले, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं काम झालेलंच होतं.

परत घरी आलो. रोटांसाठी आलेल्यांत माझा एक पुतण्या वकील आहे. त्यानं ओट्यावर बसून नोटीस दोनदा वाचली. म्हणाला, "काका, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आलाय. गाडी कितीही हातांतून फिरली असू दे, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर." आबांना त्यातलं किती कळलं ठाऊक नाही. ते टोपी काढून गुडघ्यावर धरून बसले होते.

मायला सांगितलं. वाटलं होतं, सणाच्या दिवशी हे काय घेऊन बसलास म्हणेल. ती आबांकडे बघून म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंय का त्यांनी?" रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे असतात, बाहेरच्याला देत नाहीत. तिनं आबांसाठी वेगळं ताट वाढलं, पुरणपोळी, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी, आणि ते जेवत असताना शेजारी बसून राहिली. मला स्वयंपाकघरात बोलावून एवढंच म्हणाली, "त्या माणसाला कोर्टात एकटा पाठवू नको."

रात्री जागरण होतं. बायका गाणी म्हणत होत्या आणि मी धाकट्या भावाला घेऊन दुकानात फायली काढत बसलो. नाव न बदललेल्या तेवीस निघाल्या. तेवीस घरं, ज्यांना वाटत होतं की गाडी विकून आपण मोकळे झालो. सोमवारी वाजतगाजत कानबाईचं विसर्जन झालं आणि मंगळवारी पहिल्या चार फायली घेऊन मी आरटीओच्या खिडकीवर उभा होतो.

त्या जखमी पोराला भेटायला गेलो. नडगीत सळई होती, बायको पलीकडे तांदूळ निवडत होती. मी कोण ते सांगितलं. तो काही बोलला नाही. त्याच्या बायकोनं चहा केला, आणि तो चहा पिणं मला फार जड गेलं.

प्रकरण पुढे लोकअदालतीत चार लाख वीस हजारांवर मिटलं. दीड लाख पिंपळनेरच्या गिऱ्हाइकानं दिले, उरलेले मी. त्यासाठी दोन गाड्या पडत्या भावात काढाव्या लागल्या, काही रक्कम भावानं दिली. आबांना मी एक रुपया भरू दिला नाही. यात माझा मोठेपणा काही नाही, ते देणं माझंच होतं.

पुढे १ एप्रिल २०२३ पासून नियमच आला. नोंदणीकृत डीलरकडे गाडी सोपवल्याची आरटीओत नोंद झाली की नवं नाव लागेपर्यंत डीलरच मालक धरला जातो. आमच्या धंद्यातले बरेच जण कटकट म्हणाले. मी पहिल्या काही दिवसांतच डीलर म्हणून नोंदणीचा अर्ज केला. नवं नाव लागेपर्यंत गिऱ्हाइकाला किल्ली देत नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर गाडी हवी म्हणून लोक अडून बसतात, त्यांनाही महिनाभर आधी या म्हणून सांगतो. दोन-तीन सौदे त्यापायी गेले.

बोलेरोवर पिंपळनेरवाल्याचं नाव लागलं तेव्हा आरसीची झेरॉक्स घेऊन मी आबांच्या गावी गेलो. ते ओट्यावर कापसाच्या पऱ्हाट्यांची मोळी बांधत होते. चष्मा घरात होता, म्हणून मलाच वाचायला लावलं. मी मालकाचं नाव वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग कागद हातात घेऊन त्या ओळीवर बोट ठेवलं.

"त्याम्हा आते मन्हं नाव नही ना?"

"नही, आबा."