तुम्ही विचारलंत म्हणून: गोठ्यातली येझदी चालू होईल का?

सांगली-मिरज भागात जुन्या गाड्यांची कामं करणाऱ्या माणसाला एक प्रश्न सतत येतो. "आजोबांची येझदी मोटरसायकल पंधरा-वीस वर्षं गोठ्यात उभी आहे. टाकी धुऊन पेट्रोल टाकलं आणि किक मारली तर चालू होईल का?" होण्याची शक्यता बरीच आहे, आणि धोका तिथेच आहे. चालू झाली तर सगळे खूश होऊन गल्लीतून चक्कर मारतात आणि दहा मिनिटांत पिस्टन धरतो, म्हणजे तापून आतच घट्ट अडकतो. म्हणून पहिली किक सगळ्यात शेवटी मारायची. त्याआधी काय करायचं, ते इथे लिहितो.

कागदांपासून सुरुवात करा. आरसी बुकवरचा इंजिन नंबर आणि चॅसी नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का, ते पैसे घालण्याआधी बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं आणि पुढे दर पाच वर्षांनी. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीचा मार्ग आहे, पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रोज फिरवायची असेल तर साधं नूतनीकरणच करा.

आता इंजिन. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ ते १९९६ या काळात निघालेल्या अडीचशे सीसीच्या जावा आणि येझदी गाड्यांचा मूळ साचा एकच: टू-स्ट्रोक इंजिन, ६५ मिमी बोअर (बॅरलचा, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्याचा आतला व्यास), ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल), २४८.५ सीसी, एक पिस्टन आणि दोन सायलेंसर. फोर-स्ट्रोकवर हात बसलेल्या मेकॅनिकची इथे एक चूक होते. क्रँककेस म्हणजे इंजिनचा खालचा डबा, ज्यात क्रँक फिरतो. फोर-स्ट्रोकचा क्रँककेस म्हणजे तेलाची टाकी. टू-स्ट्रोकचा क्रँककेस म्हणजे पंप. पिस्टन वर गेला की कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा खाली क्रँककेसमध्ये ओढली जाते, खाली आला की तीच दाबून वर बॅरलमध्ये पाठवली जाते. त्यामुळे क्रँककेस हवाबंद असलाच पाहिजे. फोर-स्ट्रोकचं सील गेलं तर जमिनीवर तेलाचा डाग पडतो. टू-स्ट्रोकचं सील गेलं तर आत फुकटची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापून फुगतो आणि गाडी सीज होते, म्हणजे पिस्टन धरतो. रंग आणि क्रोमवर लोक मनापासून खर्च करतात आणि क्रँकची दोन ऑइल सील जुनीच ठेवतात, हे बघून खरंच वाईट वाटतं.

गाडी हातात आली की प्लग काढा. प्लगच्या भोकातून डिझेल आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) निम्मंनिम्मं करून ३० मिली आत सोडा आणि दोन-तीन दिवस तशीच ठेवा. मग गाडी स्टँडवर घेऊन चौथ्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हातानं पुढे-मागे हळू झुलवा. किकवर उभं राहून जोर लावू नका. गंजानं धरलेली रिंग जोरानं तुटते आणि तिचा तुकडा पोर्टात (बॅरलच्या भिंतीतल्या भोकात) अडकून बॅरल खरवडतो. येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच असतो, तेव्हा जोर लावून त्याच्या खाचा खाल्ल्या तर किक आणि गिअर दोन्ही गेले. चाक हललं नाही तर हेडचे (बॅरलवरच्या झाकणाचे) नट काढून हेड उचला, वरून पुन्हा तेल सोडा आणि वाट बघा.

गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली असेल तर यातलं काहीच करू नका. २००५, २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरात आपल्याकडे अनेक गाड्या चिखलात गेल्या. अशा गाडीचं इंजिन पूर्ण उघडायचं, दोन्ही क्रँककेस वेगळे करायचे. कॉन रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) खालच्या बेअरिंगला तेल मिळतं ते फक्त पेट्रोलमध्ये मिसळलेलं. त्या रोलरांमध्ये गाळाचे कण बसले तर वरून कितीही धुतलं तरी निघत नाहीत.

चाक मोकळं फिरायला लागलं की कॉन रॉड तपासा. हेड आणि बॅरल काढून रॉड सरळ वर-खाली ओढा. या दिशेला जरासुद्धा खेळ जाणवता कामा नये. आडवा, बाजूबाजूला थोडा हलतो, ते बरोबर आहे. उभा खेळ असेल तर क्रँक प्रेसवर खोलून नवीन पिन, बेअरिंग आणि रॉड बसवावा लागतो, आणि नंतर दोन सेंटरांमध्ये धरून डायल गेजवर क्रँक सरळ करावा लागतो. शंभरातल्या दोन-तीन भागांपेक्षा (०.०२ ते ०.०३ मिमी) जास्त डोलला तर नवीन बेअरिंगसुद्धा लवकर ओरडायला लागतं. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासूनचा, त्यामुळे या जिल्ह्यात लेथवर हात बसलेली माणसं मिळतात. कुपवाड एमआयडीसीत चौकशी करा, पण काम देण्याआधी टू-स्ट्रोकचा क्रँक केला आहे का, हे स्पष्ट विचारा.

आता सील. क्रँकला दोन बाजूंना दोन: डावीकडे क्लचच्या बाजूला आणि उजवीकडे डायनॅमोमागे. वीस वर्षांत रबर लाकडासारखं कडक होतं. चांगलं दिसतंय म्हणून ठेवू नका, इंजिन उघडलं की दोन्ही बदला. व्हिटॉन रबरची मिळाली तर तीच घ्या, ती उष्णता आणि इथेनॉल दोन्ही सोसतात. बेअरिंग सी-३ क्लिअरन्सची (आत थोडी जास्त फट असलेली) घ्या. क्रँककेस शंभर अंशांपर्यंत तापवा आणि बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, मग हातोडी न लावता ती आत जातात. जोडावर सिलिकॉन थापू नका. आत सुटलेला तुकडा पोर्टात जाऊन बसतो. कागदी गॅस्केट आणि शेलॅकचा पातळ हात पुरतो.

इंजिन जोडल्यावर हवाबंद झालंय की नाही हे अंदाजानं ठरवू नका. कार्बोरेटरचं तोंड आणि दोन्ही एक्झॉस्टची तोंडं, टायरच्या ट्यूबच्या रबराचे तुकडे लावून, पट्टीनं दाबून बंद करा. पिस्टन खाली ठेवा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून हवा क्रँककेसपर्यंत पोहोचते. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्याच्या कवचात नळी बसवा आणि तिला बीपी मोजायचं डायलचं यंत्र जोडा. फुगा दाबून काटा ३०० वर न्या. हे साधारण ६ पीएसआय होतात, आणि सीलना त्याहून जास्त दाब द्यायचाही नसतो. मिनिटाला ५० पेक्षा जास्त उतरत असेल तर गळती आहे. मग साबणाचं पाणी घेऊन शोधा: बॅरलचा पाया, हेड, क्रँककेसचा जोड, डायनॅमो काढून उजवं सील. डावं सील क्लच केसमध्ये लपलेलं असतं, म्हणून गिअर ऑइल भरायच्या भोकावर साबणाचा पापुद्रा धरा. तो फुगला तर हवा तिकडे जातेय.

डावं सील चालत्या गाडीतही ओळखता येतं. येझदीत गिअर आणि क्लच एकाच तेलात फिरतात. हे सील गेलं की क्रँककेस ते तेल ओढून जाळतो. खाली थेंब नाही, तरी तेलाची पातळी उतरते आणि मागे निळसर-पांढरा धूर थांबत नाही. लोक टू-टी कमी करून बघतात, म्हणजे आजार तसाच आणि औषध उलटं. उजवं सील गेलं तर धूर वाढत नाही, पण गरम झाल्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन वरच ओरडत राहतं. असं दिसलं की त्या क्षणी गाडी बंद करा.

बॅरल बोअर करायचा असेल तर आधी पिस्टन विकत घ्या आणि त्यासोबत बॅरल द्या. पिस्टन मोजून बोअर करायचा असतो, बॉक्सवरचा आकडा वाचून नाही. या लोखंडी बॅरलला पिस्टनभोवती साधारण तीन थाऊ (इंचाचे तीन हजारांश) फट ठेवतात. रिंग बॅरलमध्ये एकटी सरकवून टोकांमधली फट फीलर गेजनं बघा: ०.२५ ते ०.३५ मिमी ठीक, ०.८ च्या वर गेली तर रिंग संपली. फोर-स्ट्रोकचे बॅरल करणारा लेथवाला एक गोष्ट हमखास विसरतो. बोअर केल्यावर पोर्टांच्या कडा धारदार होतात, त्या हातानं गोल माराव्या लागतात. नाहीतर रिंग त्या धारेत अडकते. पिस्टनच्या खाचेतली बारीक पिन रिंगच्या तोंडात बसली आहे ना, हे बॅरल सरकवताना डोळ्यांनी बघा. गजन पिनचे (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचे) लॉक दर वेळी नवीन घाला.

कार्बोरेटर आणि टाकीच्या बाबतीत गोठ्याचा एक वेगळा त्रास आहे. शेणमूत्रातून निघणारा अमोनिया पितळ आणि तांबं खातो. जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक पितळी भोकं) हिरवी पडतात, वायरिंगच्या आतली तार काळी होऊन भुकटी होते. जेट सुईनं किंवा स्टीलच्या तारेनं साफ करू नका, भोक मोठं होतं. वायरमधली तांब्याची एक बारीक तार पुरते. कार्बोरेटरचा फ्लँज वर्षानुवर्षं नट आवळून वाकलेला असतो आणि तिथूनही हवा शिरते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून तो सपाट घासा.

टाकीतल्या गंजाला किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व चांगलं: लिटरला १०० ग्रॅम, कोमट पाण्यात, चोवीस तास. मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, लगेच वाळवा आणि आत टू-टी फिरवा. तासभर उशीर केला तरी पुन्हा तांबूस थर चढतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते आपल्याच भागातल्या उसातूनही येतं, पण जुन्या गाडीला ते सांभाळून द्यावं लागतं. इथेनॉल पाणी ओढतं, गाडी महिनाभर उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी बसू शकतं. जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ होतात. मिश्रणही थोडं पातळ पडतं, म्हणून कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. गाडी जास्त दिवस ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा.

करंटचं काम त्या मानानं सोपं. पॉइंटवाल्या गाडीत (जिथे ठिणगीसाठी करंट तोडायचं काम पॉइंट करतात) बॅटरी मेली असेल तर करंट येत नाही, तेव्हा आधी चांगली बॅटरी लावा आणि मग कॉइलवर संशय घ्या. पॉइंट घासून पेट्रोलनं पुसा, फट ०.४ मिमी. प्लगची फट ०.६ ते ०.७. कंडेन्सर नवीनच लावा, जुना असेल तर पॉइंट पुन्हा पुन्हा जळतात. टायमिंगचा (ठिणगी कधी पडायची त्याचा) आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्या आणि प्लगच्या भोकातून पिस्टनची खोली मोजूनच लावा. आणखी एक: चॅसीला पावडर कोटिंग केलं की अर्थिंग तुटतं. नवा रंग लावलेल्या गाडीचे दिवे मंद, हॉर्न गप्प, कारण हेच. प्रत्येक अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडा.

सायलेंसरचे बॅफल (आतल्या आवाज कमी करणाऱ्या नळ्या) बाहेर काढून कॉस्टिक सोड्यात बुडवून ठेवा, काजळी सुटते. हातमोजे आणि चष्मा घाला आणि कॉस्टिक हेडला किंवा पिस्टनला लावू नका, ते अ‍ॅल्युमिनियम खातं. आत उंदरांची घरटी असतात, तीही बघा. ब्रेक शूच्या जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. टायरवर कितीही नक्षी शिल्लक असली तरी बदला. गिअरमध्ये साधं एसएई ४० तेल लेव्हलपर्यंत घाला. घर्षण कमी करणारं कारचं तेल घातलं तर क्लच घसरतो.

पेट्रोलमध्ये टू-टी लिटरला ४० मिली, पहिले पाचशे किलोमीटर ५० मिली. जासो एफसी किंवा एफडी दर्जाचं घ्या, आणि टाकीत ओतण्याआधी वेगळ्या कॅनमध्ये हलवून मिसळा. टाकीत वरून ओतलं तर सुरुवातीला कॉकमधून नुसतं तेल जातं.

आता किक मारा. चालू झाली की पाच मिनिटांत बंद करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. असं तीन-चार वेळा. मग थंड असतानाच हेडचे नट समोरासमोरचे आळीपाळीनं पुन्हा आवळा. पहिल्या फेऱ्या सांगली-तासगावसारख्या सपाट रस्त्यावर, ताशी ५० च्या आत, एकाच वेगावर न राहता. दर फेरीनंतर प्लग बघा: चहाच्या रंगाचा हवा. पांढरा दिसला तर हवा शिरतेय किंवा जेट लहान आहे, काळा ओला असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त. तरीही पिस्टन धरला तर खुणा वाचा. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर मिश्रण पातळ होतं, चारही बाजूंना असतील तर फट कमी होती किंवा थंड इंजिन लगेच ताणलं.

पाचशे किलोमीटर झाले की साताऱ्याचा यवतेश्वर घाट खुशाल चढा. चढताना गाडी तापेल पण तेलही भरपूर मिळेल. धोका उतरताना आहे. अ‍ॅक्सिलरेटर बंद, गाडी गिअरमध्ये, इंजिन जोरात फिरतंय, आणि पेट्रोल जवळजवळ जात नाही म्हणजे तेलही जात नाही. दर थोड्या वेळानं क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर एकदा उघडा आणि सोडा. सातारच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेली प्रिया स्कूटर तुमच्याकडे असेल, तर क्रँकची दोन सील आणि घाटातली ही सवय तिलाही तशीच लागू आहे.